सतरा वर्षांची कात्रणं, दाखला एकही नाही

सुरगाणा तालुक्यातले एक वार्ताहर मागच्या वर्षी एका सामाजिक संस्थेत मुलाखतीला गेले. वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे तयार करायला गावांना मदत करणारा समन्वयक संस्थेला हवा होता. वार्ताहरांनी बायोडेटा नेला नाही, कात्रणांच्या तीन जाड फायली नेल्या. १७ वर्षांच्या बातम्या होत्या त्यांत. कुठल्या पाड्यावर टँकर पोचला नाही, कुठल्या आश्रमशाळेत शिक्षक नाही, कुणाचा दावा कुठल्या टेबलावर किती महिने पडून आहे. समोरच्यांनी फायली आदराने चाळल्या आणि विचारलं, "अनुभवाचा दाखला?" नव्हता. नेमणुकीचं पत्र? तेही नव्हतं. पगाराची स्लिप असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पगार नव्हता. मानधन होतं, तेही कधी दोन महिन्यांनी यायचं, कधी जाहिरातीच्या वसुलीत वळतं व्हायचं.

त्या जागेवर एक पदवीधर मुलगा घेतला गेला, त्याच्याकडे दोन वर्षांच्या अनुभवाचा कागद होता. वार्ताहरांना त्याच्या हाताखाली क्षेत्रसहायक म्हणून बोलावलं. ते गेले, कारण घरात मुलीची बारावी होती. मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण हे दावे तपासणारी उपविभागीय समिती काय करते आणि जिल्हा समिती काय करते, हे पहिल्या महिन्यात त्याला ह्यांनीच समजावून सांगितलं.

ह्या वार्ताहरांची कॉपी नऊ वर्षं माझ्या हाताखालून गेली. मी नाशिकमध्ये एका दैनिकाच्या डेस्कवर १६ वर्षं उपसंपादक होते. २०१७ साली नोकरी सोडली आणि आता आरोग्यविषयक माहितीपत्रकं, सूचनाफलक, प्रशिक्षणाच्या पुस्तिका सोप्या मराठीत लिहिण्याचं काम करते. मी सोडलं तेव्हा बऱ्याच जणांनी मला विचारलं, "मग आता पत्रकारिता संपली?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते देता येतं, आणि ते माझ्यापुरतं नाही म्हणून हा लेख.

बातमीदारीत माणूस जे शिकतो, ते बातमीदारीपुरतं नसतं. ते शेतकरी कंपनीत लागतं, रुग्णालयात लागतं, ग्रामसभेत लागतं. पण ते एक ज्ञान आहे, असं आपल्याकडे कागदावर कुणीच मान्य करत नाही. वृत्तपत्र करत नाही, विद्यापीठ करत नाही, नोकरी देणारा करत नाही. आणि ज्याच्याकडे ते आहे त्यालाही ते नाव घेऊन सांगता येत नाही. विचारलं तर तो म्हणतो, "मला लिहिता येतं." लिहिता येणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थाच्या शाही स्नानाचा दिवस होता आणि पंचवटीत चेंगराचेंगरी झाली. मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. डेस्कवर फोन थांबत नव्हते. पोलिसांकडून एक आकडा, सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात उभ्या असलेल्या आमच्या बातमीदाराकडून दुसरा, घाटावरून परतलेल्या माणसाकडून तिसराच. टीव्हीवर आणखी वेगळा. मला वाटत होतं, सगळ्यात मोठा आकडा घ्यावा म्हणजे आपण मागे पडणार नाही. आमच्या मुख्य उपसंपादकांनी एक कोरा कागद घेतला, पट्टीने तीन रकाने आखले आणि माझ्यापुढे ठेवला. आकडा, कुणी सांगितला, किती वाजता. म्हणाले, "ह्या तीनही जागा भरल्याशिवाय एकही आकडा पानावर जाणार नाही." त्या दुर्घटनेत ३९ भाविक गेले. तो आकडा निश्चित होईपर्यंत आम्ही जो जो आकडा छापला, त्याच्या शेजारी तो कुणी दिला ते छापलं.

ही गोष्ट मी कौतुक म्हणून सांगत नाही. त्या रात्री मला जे मिळालं ते मी पुढच्या सगळ्या आयुष्यात वापरलं, आणि मी एकटीच नाही. आमच्याकडचा एक क्राइम रिपोर्टर २०२० च्या टाळेबंदीत नोकरीवरून कमी झाला आणि एका खासगी रुग्णालयात मदतकक्षावर लागला. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये खाटांसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा मोबाइलवर याद्या फिरत होत्या: अमुक ठिकाणी पाच खाटा रिकाम्या, तमुक ठिकाणी ऑक्सिजन आहे. नातेवाईक रुग्णाला रिक्षात घालून तिथे जायचे आणि खाट दोन तासांपूर्वीच गेलेली असायची. ह्याने त्याच्या कक्षात तेच तीन रकाने आखले. किती खाटा, कुणी सांगितलं, किती वाजता. एक तासाहून जुनी नोंद असेल तर पुन्हा फोन लावायचा आणि मगच नातेवाइकाला पाठवायचं. त्याला वैद्यकशास्त्रातलं काही कळत नव्हतं. पण ऐकलेली गोष्ट आणि तपासलेली गोष्ट ह्यांत किती अंतर असतं, हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं, मला शंका आहे.

दुसरी गोष्ट भाषांतराची. इंग्रजीतून मराठीत करण्याचं नव्हे, दफ्तरातून घरात आणण्याचं भाषांतर. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचा निरोप येतो: गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. हा हिशेब बरोबर आहे, पण सराफ बाजारातल्या, भांडी बाजारातल्या दुकानदाराला त्याने काहीच कळत नाही. त्याला एवढंच हवं असतं की खालच्या फळीवरचा माल आत्ता उचलायचा की सकाळी. त्याच्या आजोबापासून त्याच्या घरात एकच मोजमाप आहे: गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे, की छातीला. चांगला बातमीदार दोन्ही लिहितो. क्युसेक लिहितो कारण तो सरकारी आकडा आहे आणि उद्या तपासता येतो. मारुतीची कंबर लिहितो कारण त्यावरून माणूस निर्णय घेऊ शकतो. मी आज रक्तदाबाच्या गोळ्यांचं पत्रक लिहिते तेव्हा नेमकं हेच करते. डॉक्टरांचा आकडा ठेवते आणि त्याच्या शेजारी घरातलं मोजमाप शोधते.

आणखी एक, डेस्कवरच्याच माणसाला सुचेल असं. बातमी खालून कापायची असते. पान भरलं, ऐन वेळी जाहिरात आली, की उपसंपादक शेवटचे परिच्छेद उडवतो. म्हणून त्याची नजर आपोआप शेवटाकडे जाते: इथे असं काही दडलंय का, जे कापलं तर अनर्थ होईल? माझा एक जुना सहकारी आता पिंपळगावला कांदा निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या कार्यालयात आहे. ७ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, ३१ मार्च २०२४ पर्यंतची. सगळीकडे एकच शब्द: बंदी. कार्यालयात हातपाय गळाल्यासारखं झालं होतं, कुणी गोदामाला फोन करून ट्रक परत फिरवायला सांगत होतं. ह्याने अधिसूचना शेवटून वाचायला घेतली. जो माल जहाजावर भरायला सुरुवात झाली आहे, किंवा जो आधीच कस्टम्सच्या ताब्यात दिला आहे, त्याला सूट होती. त्यांचा काही माल त्या सवलतीत बसत होता. ट्रक परत फिरवायचे थांबले. व्यापाऱ्याने त्याला विचारलं, कायद्याचं शिक्षण कुठे घेतलं? त्याने ते कुठेही घेतलेलं नाही. त्याने दहा वर्षं रोज रात्री बातम्या खालून कापल्या आहेत.

आता सुरगाण्याच्या वार्ताहरांकडे परत येते, कारण त्यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागून राहिली आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईला निघाले. ६ तारखेला निघालेला तो लाल टोप्यांचा मोर्चा १२ तारखेला आझाद मैदानात पोचला. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. तेव्हा मुंबईतल्या आणि नाशिकमधल्याही कितीतरी लोकांनी पहिल्यांदा ऐकलं की वनहक्काचा प्रश्न नावाचं काही आहे. ह्यांच्या फायलीत तो प्रश्न त्याआधी कितीतरी वर्षं रोज होता. २००६ चा वनहक्क कायदा, १३ डिसेंबर २००५ ही कबजाची तारीख, चार हेक्टरची मर्यादा, ग्रामसभेचा ठराव, कुठला कागद कुठल्या पायरीवर अडतो. डेस्कवर आम्ही चुकलो की ते फोन करून दुरुस्त करायचे.

ह्या कायद्याच्या नियमांत एक मला फार आवडणारी तरतूद आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून काढलं, तर तो जबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. ज्याच्याकडे सातबारा नाही, पावती नाही, त्याच्याकडे शेजारच्या म्हाताऱ्याची आठवण असते. आता विचार करा, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं त्याच्या शब्दांत, काही न वाढवता, काही न गाळता, तारीख-वार-खूण विचारून लिहून घेणं, हे काम कुणाला येतं? सतरा वर्षं ज्याने ओसरीवर बसून तेच केलं त्याला. तरीही त्या मुलाखतीत ह्याला अनुभव म्हटलं गेलं नाही. संस्थेचे लोक दुष्ट नव्हते. त्यांच्या अर्जावर ह्या अनुभवासाठी रकाना नव्हता.

रकाना का नाही, ह्याचं एक कारण कायद्यात आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो वृत्तपत्रात पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नोकरीला आहे तो. तालुक्याच्या वार्ताहराचा मुख्य व्यवसाय काय? कुणाचं किराणा दुकान, कुणाची तीन एकर द्राक्षबाग, कुणी शिकवणी घेतो, कुणाकडे अंकाची एजन्सी. पत्रकारितेवर घर चालत नाही म्हणून ते दुसरं काही करतात, आणि दुसरं काही करतात म्हणून कागदोपत्री त्यांना पत्रकार म्हणणं अवघड होतं. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या. पण ती लढाई नोकरीतल्या माणसांची होती. ओझरच्या, नांदगावच्या, पेठच्या वार्ताहराच्या दारापर्यंत ती पोचलीच नाही.

आता १९५५ चा कायदा २०२० च्या कामगार संहितांमध्ये विलीन झाला आहे. पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमं आली. व्यावसायिक सुरक्षा आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत एक साधी गोष्ट लिहिली आहे: प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीचं पत्र द्यायचं. ह्या एका ओळीवर मी फार आशा ठेवून आहे, आणि तिची पळवाटही मला दिसते. मालक म्हणेल, वार्ताहर माझा कर्मचारीच नाही, तो मानधनावरचा प्रतिनिधी आहे. म्हणून मी कायद्याची वाट न पाहता वृत्तपत्रांना आणि पत्रकार संघटनांना उघडपणे विचारते आहे. दर वर्षी ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ह्याच तारखेला 'दर्पण' काढलं म्हणून. त्या दिवशी तालुक्यातालुक्यांत शाल आणि श्रीफळ दिलं जातं. त्याच व्यासपीठावर शालीसोबत एक पान द्या. ह्या व्यक्तीने अमुक सालापासून आमच्यासाठी वार्तांकन केलं, ह्या ह्या विषयांवर केलं, असं लिहिलेलं, सही-शिक्क्याचं. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

इथे माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, बातमीदारीतली कौशल्यं बाहेर उपयोगी पडतात हे तुझं म्हणणं मालकांच्या सोयीचं आहे. पगार देऊ नका, शिकायला मिळतंय ना, असं उद्या तेच सांगतील. आक्षेप खरा आहे. मी स्वतः हे वाक्य ऐकलं आहे, पगारवाढ मागायला गेले तेव्हा. म्हणून स्पष्ट लिहिते: शिकायला मिळतं हा पगाराचा पर्याय नाही. शिकाऊ डॉक्टरलाही विद्यावेतन मिळतं. पण मालक गैरफायदा घेईल म्हणून कामगाराने स्वतःच्या अंगात काय कसब आहे हे बोलायचंच नाही, हेही मला मान्य नाही. ज्याला आपलं कसब बाहेर चालतं हे माहीत आहे, तोच आत ताठ मानेने पगार मागू शकतो. आमच्या न्यूजरूममध्ये सगळ्यात जास्त अपमान कुणी सोसले, तर ज्यांना वाटत होतं की ह्या दाराबाहेर आपल्याला कुणी विचारणार नाही, त्यांनी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. न्यूजरूममधून बाहेर पडलेली माणसं जातात कुठे? बिल्डरच्या जनसंपर्कात, शिक्षणसम्राटाच्या कार्यालयात, नगरसेवकाच्या सोशल मीडियावर. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, एवढा गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलने अहवाल तयार करून घेतला, आणि आता तेच काम उघड्यावर नोकरी म्हणून होतं. मग ही कौशल्यं समाजाला परत मिळाली असं कसं म्हणायचं?

ह्यावर मी बराच विचार केला आहे. जनसंपर्काच्या नोकरीला मी वाईट म्हणत नाही, घर चालवायचं असतं. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, तुमचं कसब. दुसरी, तुमची ओळख. तपासायचं कसं, लिहायचं कसं, ऐकायचं कसं, हे तुमचं आहे, ते कुठेही न्या. पण तहसीलदार रात्री अकराला तुमचा फोन उचलतो, सिव्हिलमधली सिस्टर तुम्हाला आतली गोष्ट सांगते, चाळीतली बाई तुमच्यापुढे रडते, ते तुम्ही बातमीदार आहात म्हणून. तो विश्वास त्यांनी वाचकाला दिलेला असतो, तुम्ही फक्त तो उचलून नेणारे. तो नव्या मालकाला विकता येत नाही. जो फोनची डायरी घेऊन बिल्डरकडे जातो, त्याने कसब नेलं नाही. त्याने दुसऱ्याची ठेव नेली. ही रेघ नवीन मुलांना पहिल्याच वर्षी आखून दाखवायला हवी. नाशिकमध्ये एचपीटी महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या वर्गांत नीतिमत्तेचा तास असतो, पण तो पत्रकारितेत असतानाच्या नीतिमत्तेचा. पत्रकारिता सोडताना काय न्यायचं आणि काय ठेवून जायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आजही कुणी शिकवत असेल असं मला दिसत नाही.

न्यूजरूम काही वाईट सवयीही लावते. प्रत्येक गोष्ट तीनशे शब्दांत बसते असं वाटायला लागतं. समोरचा बोलत असताना आपण मनात मथळा करत असतो. दीर्घ काम सोसत नाही. पहिल्या पुस्तिकेला सहा महिने लागले तेव्हा मी अस्वस्थ झाले होते, कारण १६ वर्षं माझं प्रत्येक काम त्याच रात्री संपत होतं. बाहेर पडणाऱ्याला हे वर्ष-दीड वर्ष पुसून काढावं लागतं.

कॉलेज रोडवरची मुलं मला विचारतात, मॅडम, पत्रकारितेत यावं का? मी हो म्हणते. पुढचं ऐकून काही जणांचे चेहरे उतरतात. मी सांगते की बहुतेकांसाठी ही आयुष्यभराची नोकरी असणार नाही. अंकांची पानं कमी झाली, आवृत्त्या एकत्र झाल्या, आणि प्रेसनोटची बातमी करायला आता यंत्र पुरतं. हातात माइक घेऊन उभं राहण्याचं स्वप्न असेल तर लवकर निराश व्हाल. पण पाच-सात वर्षं एखादं बीट, म्हणजे बातमीदारीचा एकच विषय, घट्ट धरून करा. पाणी घ्या, शेती घ्या, महापालिका घ्या, कोर्ट घ्या. चमकदार बीट घेऊ नका, कागद असलेलं बीट घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करायला शिका, दहा रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पहिलं अपील करायला शिका, कारण खरं शिक्षण उत्तर नाकारलं जातं तिथून सुरू होतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकातली शेवटची पानं वाचा. आणि आपल्या कामाची वही ठेवा. कात्रणं तर ठेवाच, पण त्या बातमीसाठी काय केलं तेही लिहा: किती जणांशी बोललो, कुठला कागद मिळवला, काय चुकलं, खुलासा आला का. सुरगाण्याच्या वार्ताहरांकडे ही वही असती तर तीन फायलींपेक्षा जास्त बोलली असती.

मराठीत पत्रकार आणि बाकीचा माणूस ह्यांच्यात भिंत पूर्वीही नव्हती. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते आणि पत्र काढत होते. १९२० मध्ये 'मूकनायक' काढणारे बाबासाहेब दहा वर्षांनी, २ मार्च १९३० ला, ह्याच शहरात काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं नेतृत्व करत होते. आमचे तात्यासाहेब शिरवाडकर तरुणपणी कितीतरी वर्षं नियतकालिकांत राबले आणि पुढे कुसुमाग्रज म्हणून त्यांना १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्यापैकी कुणाची पत्रकारिता 'संपली' असं कुणी म्हणत नाही. मग मालेगावच्या बातमीदाराने शेतकरी कंपनी काढली तर त्याच्याबद्दल चहाच्या टपरीवर तसं का बोललं जातं?

मुक्त विद्यापीठाकडून माझी सगळ्यात मोठी अपेक्षा आहे. १९८९ पासून ते आपल्याच गावाशेजारी, गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आहे. ज्यांना वर्गात बसता आलं नाही त्यांच्यासाठीच ते उभं राहिलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आधी मिळवलेल्या शिक्षणाला मान्यता देण्याची कल्पना लिहून ठेवली आहे. तालुक्याच्या वार्ताहराला परत पहिल्या पायरीवर बसवून 'बातमी म्हणजे काय' शिकवू नका. त्याची कात्रणं तपासा, त्याची तोंडी परीक्षा घ्या, त्याच्या हद्दीतल्या अधिकाऱ्याला आणि गावकऱ्याला विचारा, आणि त्या कामाचे श्रेयांक द्या. हे अवघड आहे, मला कल्पना आहे. खोटी कात्रणं येतील, ओळखीने शिफारशी येतील. पण तपासणं अवघड आहे म्हणून न तपासताच शून्य देणं हा अन्याय आहे.

आणि सिंहस्थ दारात आहे. २०२६ पासून ध्वज उभारले जातील, २०२७ मध्ये पर्वस्नानं. कोट्यवधी माणसं ह्या शहरात येणार, त्यांच्यासाठी हजारो फलक, सूचना, ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा लिहिल्या जाणार. आपल्याकडे त्या कशा लिहिल्या जातात? "सर्व भाविकांना सूचित करण्यात येते की सदर मार्ग हा एकदिशा मार्ग म्हणून निर्धारित करण्यात आला आहे." गर्दीत डोक्यावर मूल घेतलेल्या बाईला हे वाक्य पुरं होईपर्यंत मागून रेटा आलेला असतो. "इथून परत फिरू नका. उजवीकडे चला." एवढंच लागतं. हे लिहिणारी माणसं शहरात आहेत. रामकुंडाकडे उतरणारी प्रत्येक गल्ली त्यांनी पायाखाली घातली आहे, २००३ ची रात्र त्यांना आठवते, २०१५ चं पर्व त्यांनी वाचकांपर्यंत पोचवलं आहे. त्यांतले काही आज विम्याच्या पॉलिसी विकतात. प्रशासनाने मोठमोठ्या जाहिरातसंस्था बोलवाव्यात, माझी ना नाही. पण सूचनांचा प्रत्येक मजकूर छापायला जाण्याआधी नाशिकच्या चार जुन्या बातमीदारांपुढे ठेवावा. त्यांना त्याचे रीतसर पैसे द्यावेत आणि काम झाल्यावर दाखला द्यावा.

सुरगाण्याच्या वार्ताहरांसाठी मी मागच्या महिन्यात एक पत्र लिहिलं. संस्थेत समन्वयकाची दुसरी जागा निघाली होती. लेटरहेड माझ्याकडे नाही, साध्या कागदावर लिहिलं. मी लिहिलं की नऊ वर्षं ह्यांच्या बातम्या मी वाचल्या आणि संपादित केल्या. ह्या काळात त्यांच्या बातमीवर आलेले खुलासे मला बोटांवर मोजता येतात, आणि एकदा चूक त्यांची होती तेव्हा दुरुस्तीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून पाठवला. वनहक्क कायद्याच्या तीनही पायऱ्या, ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती, त्यांना कागदासह माहीत आहेत. ते इथल्या आदिवासींची कोकणी भाषा बोलतात, म्हाताऱ्या माणसांचे जबाब न बदलता लिहितात. त्यांनी दिलेला आकडा मी कधी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय छापला नाही, आणि दर वेळी तो कुणी दिला आणि किती वाजता, हे त्यांना सांगता आलं. खाली सही केली, फोन नंबर दिला.

पत्र त्यांनी अर्जाला जोडलं. आठवड्याने उत्तर आलं: पत्र वाचलं, चांगलं आहे, पण त्यावर शिक्का नाही.